स्प्रिंगडेलची अर्जनवीस

आमच्या गावी तहसील कचेरीबाहेर चिंचेखाली एक गृहस्थ पत्र्याची पेटी घेऊन बसायचे. पेटीवर टाइपरायटर, आत कोरे कागद, मुद्रांक आणि चुन्याची डबी. लोक त्यांना अर्जनवीस म्हणत. सातबाऱ्यावर नाव चढवायचं असो की रेशनकार्डातून कमी करायचं असो, ते वर न बघता विचारायचे, "काय लिहू?" सल्ला देत नसत. सल्ल्याचे पैसे वकील घेतो, मी कागदाचे घेतो, असं म्हणत.

गेली आठ वर्षं मी तेच काम करते आहे, फक्त कागदाचे पैसे न घेता. अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात स्प्रिंगडेल नावाचं गाव आहे. तिथल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत दर दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला दोन टेबलं मांडतात. खिडकीजवळचं पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवरून आलेल्या लोकांसाठी, दाराजवळचं बाकी सगळ्यांसाठी. दवाखान्याचा विमा, शाळेतलं जेवण, अन्नमदत, कामाचा परवाना, जो फॉर्म येईल तो भरायचा. सल्ला द्यायचा नाही हा नियम इथेही आहे. शंका आली की माणसाला कोपऱ्यातल्या वकीलबाईंकडे पाठवायचं. आधी झेरॉक्सवर पेन्सिलने लिहायचं, वाचून दाखवायचं, मगच पेन हातात घ्यायचं.

मी इथे आले ती नवऱ्याच्या नोकरीमागे. बेंटनव्हिलला वॉलमार्टचं मुख्य कार्यालय आहे, आणि त्याच्या आसऱ्याने आमच्यासारखी शेकडो भारतीय घरं. अर्ध्या तासावरच्या स्प्रिंगडेलला टायसन या कोंबडीवाल्या कंपनीचं मुख्य कार्यालय. एच-४ व्हिसावर मला तेव्हा पगारी काम करता येत नव्हतं आणि घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. वाचनालयातल्या फलकावर चिठ्ठी दिसली: फॉर्म वाचता येणारी माणसं हवीत. म्हटलं, एवढं तर येतं.

कामाच्या परवान्याच्या आय-७६५ या अर्जात एक छोटा रकाना आहे. तुम्ही कोणत्या वर्गात बसता ते तिथे अक्षर आणि आकडा घालून लिहायचं. निर्वासित असाल तर ए-३. मार्शल बेटांचे नागरिक असाल तर ए-८. माझ्यासारखी नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेली असेल तर सी-२६. या दोन-तीन अक्षरांवर माणसाचं किती काय ठरतं, ते त्या टेबलाशी बसल्याशिवाय कळलं नसतं.

मार्शली माणसाचे सगळे कागद एका झिपच्या पिशवीत मावतात. पासपोर्ट, आणि आत घडी घातलेला आय-९४ हा प्रवेशाचा दाखला. त्यावर वर्ग लिहिलेला असतो सीएफए/आरएमआय, आणि मुदतीच्या जागी डी/एस. म्हणजे तारीख नाही. हा दर्जा आहे तोवर राहा. हवाईहून मायक्रोनेशियाच्या बेटांवर थांबत थांबत जाणारं एक विमान आहे. मार्शल बेटांच्या राजधानीत, माजुरोला, त्यात बसायचं, होनोलुलूला उतरायचं, पुढचं विमान पकडायचं. व्हिसा नाही, मुलाखत नाही. विमानतळावर मेव्हणा गाडी घेऊन उभा असतो आणि पुढच्या आठवड्यात माणूस कोंबडीच्या कारखान्यात लाइनवर उभा राहतो. मार्शली लोक असे १९८०च्या दशकापासून येत आहेत.

"घरात किती माणसं?" हा फॉर्ममधला सगळ्यात सोपा प्रश्न, आणि खिडकीजवळच्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. एकदा फुलाफुलांचा पायघोळ झगा घातलेल्या एक आजी आल्या. शेजारी दुभाषी म्हणून बसणारी मुलगी इथेच जन्मलेली, कॉलेजात जाणारी. प्रश्न ऐकून दोघी हसल्या. आजींनी बोटं मोजली. अकरा. मग थांबून, तेरा. त्यातला एक सात वर्षांचा मुलगा आजींनी "माझा" म्हणून सांगितला. जन्मदाखल्यावर आई म्हणून दुसरंच नाव. मी विचारलं, "दत्तक?" मुलगी म्हणाली, "नाही, तो तिच्या बहिणीच्या मुलीचा. म्हणजे तिचाच." मार्शली लोकांत जमीन आणि कूळ आईकडून चालतं, आईची बहीण ही आईच असते, आणि मूल या घरातून त्या घरात वाढायला जाणं ही रोजची गोष्ट आहे. माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्या भाषेत मी वाढले, त्यामुळे मला ते लगेच कळलं. फॉर्मला कळत नाही. त्याच्याकडे पोटचा, कायदेशीर दत्तक, सावत्र, एवढेच चौकोन. न्यायालयाचा कागद नसेल तर पोरगं कुठल्याच चौकोनात बसत नाही, आणि मग त्याचा विमाही अडतो.

सही करताना पुरुषांचे हात बघावेत. एक जण एकोणीस वर्षं हाडं काढायच्या लाइनवर आहे. गार हॉल, एका हातात सुरी, दुसऱ्यात जाळीचा हातमोजा, दर काही सेकंदांनी समोर नवा तुकडा, आणि तोच मनगटाचा पीळ. सकाळी त्याची बोटं मिटत नाहीत. पेन तो मुठीत धरतो, लहान मुलं खडू धरतात तसं.

हे लोक इथे बिनव्हिसा का येऊ शकतात, त्याचं मूळ बॉम्बमध्ये आहे. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने बिकिनी आणि एनेवेटाक या प्रवाळद्वीपांवर ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ चा 'ब्राव्हो' हा त्यातला सगळ्यात मोठा, १५ मेगाटनचा. त्याची राख रोंगेलाप या प्रवाळद्वीपावर बर्फासारखी पडली आणि तिथल्या लोकांना हलवायला अमेरिकेला दोन दिवस लागले. पुढे दोन्ही देशांत झालेला करार १९८६ मध्ये अमलात आला. बेटांभोवतालच्या समुद्राचा लष्करी ताबा अमेरिकेला, आणि बेटवाल्यांना अमेरिकेत राहायची, काम करायची मुभा. अणुचाचण्यांच्या भरपाईसाठी १५ कोटी डॉलर. दावे तपासायला नेमलेल्या लवादाने पुढे दोन अब्जांहून अधिक मंजूर केले. ते पुरते द्यायच्या कितीतरी आधी तिजोरी रिकामी झाली.

मुभा दिली, पण दर्जा दिला नाही. कायद्याच्या भाषेत मार्शली माणूस स्थलांतरित नाहीच. तीस वर्षं कोंबड्या कापा, सगळे कर भरा, तरी त्या दर्जावरून नागरिकत्वाकडे जाणारी वाट नाही. १९९६ च्या कायद्याने त्यांचा सरकारी आरोग्यविमा काढला. मधुमेहाने पोखरलेल्या, विकिरणाचा इतिहास असलेल्या लोकांचा. मी टेबलावर बसायला लागले तेव्हा आर्कान्सॉ मुलांना तो देण्याच्या बेतात होतं. मुलांना २०१८ पासून मिळाला. मोठ्यांना २०२० च्या डिसेंबरात, म्हणजे कोविडने या गावातली मार्शली घरं रिकामी करून झाल्यावर. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही फोनवरून फॉर्म भरत होतो. घरातल्या माणसांचा आकडा मागच्या खेपेपेक्षा कमी सांगितला की मी कारण विचारणं सोडून दिलं होतं.

दाराजवळच्या टेबलावर इराकी येतात ते फाइल घेऊन. जाड, कप्प्यांची, रंगीत चिठ्ठ्या लावलेली. निर्वासितांच्या नोंदणीचा कागद, मुलाखतींची पत्रं, वैद्यकीय तपासणी, पदव्यांच्या नकला आणि त्या नकलांची भाषांतरं. २००३ च्या युद्धानंतर देश सुटला, जॉर्डन किंवा तुर्कस्तानात वर्षं गेली, आणि मग कुठल्या तरी यादीत नाव लागलं. २००९ या एका आर्थिक वर्षात अमेरिकेने १८ हजारांवर इराकी निर्वासित घेतले. त्यातले बरेच डेट्रॉइट, सॅन दिएगो, शिकागोकडे गेले. आमच्याकडे येतात ती मोजकी घरं.

ती माझ्याकडेच का येतात याचं कारण गमतीचं आहे. पहिल्याच दिवशी लिहिताना मी स्वतःशी पुटपुटले, "तारीख..." समोरच्या गृहस्थांनी मान वर केली आणि तारीख सांगितली. मग माझ्या लक्षात आलं की आपल्या कचेरीची अर्धी भाषा यांच्याकडूनच आली आहे. अर्ज, हक्क, वारस, दाखल, मुदत, नक्कल. पोलीस पंचनाम्यातला 'इसम' हा अरबीत नुसता 'नाव'. त्या दिवसापासून ते मला "इंडियन मॅडम, अरबी बोलते" म्हणून ओळखतात. मी बोलत नाही. माझ्याकडे फक्त तहसीलदाराचे शब्द आहेत.

त्या गृहस्थांची जन्मतारीख १ जुलै होती. बायकोची १ जुलै, मेव्हण्याचीही १ जुलै. पलीकडच्या नव्या स्वयंसेविकेला यात काळंबेरं दिसलं. मी म्हटलं, थांब, माझ्या वडिलांची १ जून आहे, आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती. मास्तरांनी शाळेत घालताना लिहून टाकली. इराकमध्ये जनगणनेच्या नोंदीत तारीख माहीत नसलेल्यांना १ जुलै दिली गेली. वकीलबाईंनी हे टाचण म्हणून भिंतीवर लावलं आहे.

याच शहाणपणाने एकदा घात केला. इराकी नावात स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं असं ओळीने येतं. मी आपल्या सवयीने आजोबांचं नाव आडनावाच्या रकान्यात घातलं. पासपोर्टवर शेवटी टोळीचं नाव होतं. अर्ज परत आला, तीन महिने गेले, आणि त्याच गृहस्थांच्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन तेवढं लांबलं. पुढच्या शनिवारी ते थर्मास घेऊन आले. इस्तिकान या कमरेत बारीक अशा छोट्या पेल्यात वेलदोड्याचा काळा चहा ओतला आणि चुकीबद्दल एक शब्द काढला नाही. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

ते बगदादला इंजिनीअर होते. इथे गोदामात रात्रपाळी करतात. उतरल्यावर पहिले तीन महिने पुनर्वसन संस्थेने घर बघून दिलं, मुलांना शाळेत नेलं, काही महिने रोख मदत आणि विमा मिळाला. विमानाच्या तिकिटाचे पैसे मात्र कर्जाऊ. ते हप्त्याने फेडावे लागतात. वर्षाने ग्रीनकार्डचा अर्ज, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा.

लोक मला विचारतात, दोघांत कुणाचं बरं चाललंय? कागदावर पाहिलं तर इराकींचं, यात वाद नाही. त्यांच्या पुढच्या प्रत्येक पायरीला तारीख आहे. पण त्याच गृहस्थांच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात ते एकटे होते. गावात इतर इराकी आहेत, पण कोण कुठल्या पंथाचं, युद्धात कुणाच्या बाजूचं, याची चाचपणी झाल्याशिवाय कुणी कुणाच्या घरी चहाला जात नाही. आजींच्या घरी मयत झाली तेव्हा मी गेले होते. दोनशेवर माणसं, ताटंच्या ताटं भात, आणि शवपेटी माजुरोला न्यायचा खर्च दोन रात्रींत उभा राहिला. ज्यांनी त्यासाठी कामावर दांडी मारली त्यांच्या नावावर कारखान्याने हजेरीचे गुण चढवले. ठरावीक गुण झाले की नोकरी जाते. तरी माणसं आली. दहा माणसांच्या घरात भाडं वाटून जातं, एकाची नोकरी गेली तर चूल विझत नाही. पण तसंच कुणा एकाच्या खात्यात चार पैसे साठतही नाहीत. इराकी घर चार माणसांचं, त्यात कमावता एक. मुलगी मात्र फार्मसीला जाते, आणि ती पुढे काय होणार हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

डबा खाताना मी कधी तरी माझा सी-२६ चा अर्ज भरत असते. भारतीयांच्या ग्रीनकार्डची रांग आमच्या हयातीत सरेल असं दिसत नाही. इंजिनीअरसाहेबांनी २०२३ मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली आणि मला पेढ्यांसारखं काहीतरी आणून दिलं. हाडं काढणाऱ्या त्या माणसाची मुलगी इथे जन्मली, ती मतदान करते; तिचा बाप करू शकत नाही.

आणि मग रकान्यांची अदलाबदल झाली. २०२४ च्या मार्चमध्ये कराराचं नूतनीकरण करताना मार्शली लोकांना अन्नमदतीसह १९९६ पासून बंद असलेल्या योजना परत मिळाल्या. २०२५ च्या जुलैत नवा कायदा आला: ग्रीनकार्ड न मिळालेल्या निर्वासितांची अन्नमदत बंद, मार्शली लोकांची चालू. ए-३ म्हटलं की आम्ही डोळे मिटून 'पात्र'वर खूण करायचो, आणि ए-८ म्हटलं की सुस्कारा. आता उलटं. आजींनी पहिल्यांदा अन्नमदतीचा अर्ज भरला तेव्हा चौथ्या पानावर विचारलं, हे नक्की माझ्यासाठी आहे ना? त्याच सकाळी दाराजवळच्या टेबलावर नुकत्याच आलेल्या एका इराकी कुटुंबाला मी नियमाचा कागद वाचून दाखवत होते. सल्ला द्यायचा नाही, फक्त वाचायचं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती. तुमच्या गावातही वाचनालयात किंवा चर्चमध्ये असं एखादं टेबल असेल. दोन शनिवार द्या. अरबी यावी लागत नाही, मार्शली यावी लागत नाही. येताना पेन्सिल आणि खोडरबर आणा. पेन तिथे मिळतं.