मांटा रे, लोरिस आणि प्रजननवेग
मासे अगणित अंडी घालतात, म्हणून मासेमारीचा तोटा लवकर भरून निघतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु महाकाय मांटा रे या संकटग्रस्त माशाचा प्रजननवेग (ठरावीक काळात होणारी पिलांची भर) अत्यंत मंद आहे. दक्षिण भारतातील ओंजळीएवढा लोरिस, जो नरवानरगणातील (माकड व मानव यांच्या गणातील) प्राणी आहे, सुमारे साडेपाच महिन्यांच्या गर्भावधीनंतर एक-दोन पिले देतो. सात मीटर रुंदीपर्यंत वाढणारी मांटा मादी मात्र सुमारे वर्षभराच्या गर्भधारणेनंतर बहुधा एकच पिलू देते, आणि पुढील विणीपर्यंत अनेकदा काही वर्षे लोटतात. ज्या ठेवीचे व्याज इतके अल्प, तिच्या मुद्दलास हात लावल्यास भरपाई दुरापास्त होते. म्हणून कल्ल्यांच्या व्यापारासाठी होणारी मांटाची शिकार थांबवणे अगत्याचे आहे.