अगाथाबाई आणि परग्रहावरची गांधीलमाशी

3 डिसेंबर 1926 च्या रात्री रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्ती मोटार घेऊन घराबाहेर पडल्या आणि नाहीशा झाल्या. मोटार सापडली, बाईंचा पत्ता नव्हता. मोठी शोधमोहीम निघाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. अखेर 14 डिसेंबरला त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या, तेही दुसरंच नाव धारण करून! पुढे लिहिलेल्या आत्मचरित्रातही त्यांनी या प्रकरणावर मौनच पाळलं.

हीच मोकळी जागा हेरून 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानमालिकेने 'द युनिकॉर्न अँड द वास्प' हा भाग रचला. तो 17 मे 2008 रोजी दाखवला गेला. लेखक गॅरेथ रॉबर्ट्स, दिग्दर्शक ग्रॅम हार्पर. कालप्रवास करणारा डॉक्टर (डेव्हिड टेनंट) आणि त्याची सोबतीण डोना (कॅथरीन टेट) एका सरदारी वाड्यातल्या मेजवानीत जाऊन धडकतात. पाहुण्यांमध्ये खुद्द अगाथाबाई आहेत. ग्रंथालयात एका प्राध्यापकाचा खून होतो. खुनी आहे माणसाएवढी गांधीलमाशी, आणि ती कुणा एका पाहुण्याचं रूप घेऊन वावरते आहे. (रहस्य आधी कळायला नको असेल, त्यांनी भाग पाहूनच पुढे वाचावं.)

ऐकायला हा निव्वळ पोरखेळ वाटतो. तरीही हा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण यातली गंमत रहस्यकथेचे नियम मोडत नाही. रहस्यकथेचा पहिला नियम असा की, गुप्तहेराला दिसलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे. इथे अगदी सुरुवातीलाच बागेत गप्पा चालतात. गेल्या गुरुवारी चर्चमध्ये चोर शिरले आणि सौम्य स्वभावाच्या पाद्रीबाबांनी त्यांना एकट्याने पकडलं, हे आपण ऐकतो आणि विसरून जातो. तीच गुरुकिल्ली असते. त्या रात्री संतापाच्या भरात पाद्रीबाबांचं परग्रही रूप पहिल्यांदा जागं झालं. त्याच वेळी त्यांची जन्मदाती, लेडी एडिसन, अगाथाबाईंची कादंबरी वाचत बसली होती. तिच्या गळ्यातलं परग्रहावरचं रत्न मनातलं टिपून मुलापर्यंत पोचवणारं. त्यामुळे जग असंच चालतं, असं समजून तो ख्रिस्तीबाईंच्या पद्धतीने खून करत सुटला. खून इतके पुस्तकी का, या प्रश्नाचं उत्तर असं कथेच्या पोटातच आहे.

विषाचा प्रसंगही असाच. पहिल्या महायुद्धात अगाथाबाईंनी इस्पितळाच्या औषधालयात काम केलं होतं. विषांची त्यांची जाण तिथली. या भागात डॉक्टरवर सायनाइडचा प्रयोग होतो. मग तो जेवणाच्या सूपमध्ये मिरी घालतो, कारण मिरीतलं पायपरिन हे द्रव्य कीटकनाशक आहे. मेजवानीत कीटक कोण, याची ती परीक्षा!

या सगळ्या धमालीखाली एक दुःख आहे आणि त्याचं मूळ भारतात आहे. 1885 मध्ये तरुणपणी लेडी एडिसन दिल्लीत एका अनोळखी पुरुषाच्या प्रेमात पडली. तो परग्रहावरचा होता. यमुनेच्या पुरात तो गेला. मूल गुपचूप जन्माला आलं आणि अनाथालयात वाढलं. हे ठाऊक असलेली तिची सोबतीण मिस चंद्रकला मरता मरता त्या बाळाबद्दलच बोलते.

लेडी एडिसनची भूमिका केली आहे फेलिसिटी केंडल यांनी. आम्हा सांताक्रूझकरांना हे नाव शेजारचं वाटावं. जेफ्री आणि लॉरा केंडल यांची 'शेक्सपियराना' ही फिरती नाटक कंपनी भारतभर प्रयोग करत असे. त्या बिऱ्हाडात फेलिसिटी लहानाची मोठी झाली. 1965 च्या 'शेक्सपियरवाला'मध्ये शशी कपूर तिचा नायक होता. तिची थोरली बहीण जेनिफर हिने पती शशी कपूर यांच्यासह 1978 मध्ये जुहूच्या जानकी कुटीरमध्ये पृथ्वी थिएटर उभं केलं. सांताक्रूझ स्टेशनवरून बसने तिथे नाटकाला जाणारे कित्येक जण आहेत. भारताच्या आठवणीने लेडी एडिसनचा आवाज हलतो, तेव्हा ती आठवण त्या अभिनेत्रीला उसनी आणावी लागली नसेल, असं मला मनापासून वाटतं. शिवाय 'डॉक्टर हू'चा पहिलावहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी दाखवला गेला, त्याचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौमध्ये जन्मलेले.

मग असं काही मराठीत का नसावं? सामग्री आपल्याकडे भरपूर आहे. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळापहाड यांना घेऊन हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'ने पोलीस तपास घराघरांत पोचवला. आणि जयंत नारळीकरांचा किस्सा तर स्वतःच एक रहस्यकथा आहे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं ते नाव होतं. आपली कीर्ती परीक्षकांच्या आड येऊ नये, एवढाच हेतू. अगाथाबाईंच्या हॉटेलातल्या नावाइतकंच कथेला आमंत्रण देणारं हे नाव आहे.

मराठी मालिका आणि वेबमालिका लिहिणाऱ्यांना म्हणूनच कळकळीची विनंती. एक भाग असा लिहा, ज्यात अर्नाळकरांची चपळाई असेल आणि नारळीकरांची शास्त्रशुद्ध शिस्त. खुनी परग्रहावरचा असला तरी चालेल, पण पुरावा मात्र पहिल्या पाच मिनिटांत आमच्या डोळ्यांसमोर ठेवा.