भांडायला नकार देणारी पोरं

एका शिक्षिकांचं पत्र आलं आहे. त्यांच्या शाळेत लाल, पिवळं, हिरवं, निळं अशी चार हाऊस आहेत. मुलं पाचवीत आली की हजेरीपटावरच्या क्रमानं त्यांना हाऊस वाटून दिलं जातं, दुसरा कसलाही निकष नाही. तरी क्रीडा सप्ताह जवळ आला की एका बाकावर बसून एकाच डब्यातलं खाणारी पोरं एकमेकांशी बोलेनाशी होतात. 'निळेवाले रडीचा डाव खेळतात', 'पिवळेवाल्यांना नुसता माज' ही वाक्यं ठरलेली. बाई विचारतात, 'माणसं नुसती दोन गटांत वाटली तरी एकमेकांचा द्वेष करू लागतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय असं एका व्हिडिओत ऐकलं. खरंच का?'

खरं आहे, पण निम्मं. उरलेलं निम्मं व्हिडिओवाले सांगत नाहीत, कारण ते सांगितलं तर व्हिडिओतली हवाच जाते.

व्हिडिओत बहुधा 'रॉबर्स केव्ह'चा प्रयोग असणार. मुझफ्फर शेरीफ हा मूळचा तुर्की मानसशास्त्रज्ञ. लहानपणी इझमीरमध्ये ग्रीक फौजा उतरल्यावर झालेला रक्तपात त्यानं पाहिला होता, आणि कालपर्यंतचे शेजारी एकमेकांच्या जिवावर का उठतात, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला. १९५४ च्या उन्हाळ्यात त्यानं अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह उद्यानात अकरा वर्षांच्या आसपासच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलं पारखून घेतलेली होती. सगळी गोरी, प्रॉटेस्टंट, मध्यमवर्गीय, घरात कटकट नसलेली आणि एकमेकांना अनोळखी. पुढे भांडण झालंच तर ते वंशावरून, धर्मावरून किंवा गरिबीवरून झालं असं कुणाला म्हणता येऊ नये, म्हणून ही खबरदारी. आपण प्रयोगात आहोत हे मुलांना माहीत नव्हतं. शिबिरातले दादा म्हणजे संशोधक, आणि इकडेतिकडे घोटाळणारा रखवालदार म्हणजे खुद्द शेरीफ.

मुलांचे दोन गट पाडले आणि पहिला आठवडा ते एकमेकांच्या नजरेस पडू दिले नाहीत. एकानं स्वतःचं नाव 'रॅटलर्स' ठेवलं, दुसऱ्यानं 'ईगल्स'. मग त्यांच्यात सामने लावले. बेसबॉल, रस्सीखेच, तंबू ठोकणं, वगैरे. जिंकणाऱ्या गटाला पदकं आणि प्रत्येकाला एकेक खिशातला चाकू; हरणाऱ्याला काही नाही. रस्सीखेच हरल्यावर ईगल्सनी रॅटलर्सचा झेंडा जाळला. रॅटलर्सनी रात्री त्यांच्या खोलीवर धाड घातली. शेवटी ईगल्स जिंकले, तर रॅटलर्सनी त्यांची पदकं आणि चाकू पळवले.

मला मात्र या सगळ्या राड्यापेक्षा दाण्यांची चाचणी जास्त आवडते. मैदानात घेवड्याचे दाणे विखुरले आणि दोन्ही गटांना ते वेचायला लावले. नंतर एकेकाचे दाणे पडद्यावर क्षणभर दाखवून, 'याने किती वेचले असतील?' असं सगळ्यांना विचारलं. आपल्या गटातल्या पोराचे दाणे मुलांना जास्त दिसले, दुसऱ्या गटातल्याचे कमी. लबाडी अशी की पडद्यावर दर वेळी दाणे दाखवले होते ३५ च. शिव्या नाहीत, हाणामारी नाही. नुसत्या अंदाजात आपपरभाव उतरला होता. 'ते आळशी', 'ते चिकट', 'ते लबाड' या आपल्या ठोकळेबाज समजुती म्हणजे कुणाच्या तरी नावावर ढकललेले असे चुकीचे अंदाजच नव्हेत का?

दिलजमाईचा भागही पुस्तकात शोभेल असा. आधी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. मग शिबिराचं पाणी बंद पडलं (पाडलं) आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला. जेवण आणायला निघालेला ट्रक सुरू होईना, तेव्हा रस्सीखेचीचाच दोर त्याला बांधून दोन्ही गटांनी तो एका बाजूनं ओढला. परतताना बहुतेकांनी एकाच बसनं जायचं ठरवलं, आणि दाणे वेचण्यात जिंकलेले पाच डॉलर रॅटलर्सनी वाटेत सगळ्यांना, म्हणजे ईगल्सनाही, माल्टेड मिल्क पाजण्यात खर्च केले.

गोष्ट इतकी घडीव आहे की संशय यायलाच हवा.

ऑस्ट्रेलियातल्या जीना पेरी या मानसशास्त्रज्ञ-लेखिकेला तो आला. शेरीफची कागदपत्रं ओहायोतल्या अॅक्रनच्या संग्रहात आहेत. ती चाळून आणि तेव्हाच्या, आता म्हाताऱ्या झालेल्या मुलांना गाठून तिनं २०१८ मध्ये 'द लॉस्ट बॉइज' हे पुस्तक लिहिलं. त्यात रॉबर्स केव्हच्या आदल्या वर्षीचं, १९५३ चं शिबिर सविस्तर येतं. न्यूयॉर्क राज्यातल्या मिडल ग्रोव्हचं हे शिबिर साफ फसलं होतं.

तिथे मुलांना आधी काही दिवस एकत्र राहू दिलं. ती रमली, जोड्या जमल्या. मग त्यांचे 'पँथर्स' आणि 'पायथन्स' असे दोन गट पाडले आणि सामने सुरू केले. रस्सीखेच हरल्यावर पायथन्स म्हणाले, पँथर्स सरस होते, जिंकणारच. झालं, इथंच गाडी अडली. मग संशोधकांनी काड्या घालायला सुरुवात केली. कपडे चोरले. मुलांनी निष्कर्ष काढला, धुलाईत अदलाबदल झाली असेल. पँथर्सच्या झेंड्याची दोरी कापली. पायथन्सनी एकेक करून बायबलवर हात ठेवून 'आम्ही नाही' अशी शपथ घेतली आणि प्रकरण मिटलं. शेवटी एका संशोधकानं पँथर्सचा तंबू पाडला, बॅगा झुडपांत भिरकावल्या आणि एका पोराचं जिवापाड जपलेलं युकुलेले मोडलं. पोरांनी काय करावं? त्यांनी मिळून तंबू पुन्हा उभा केला आणि दादालोकांकडे रोखून बघू लागली. आम्ही काय करतो हेच तुम्हाला बघायचं असेल, असं एकानं तोंडावर सुनावलं. रॉकफेलर प्रतिष्ठानचा पैसा, महिनोन्‌महिन्यांची तयारी, आणि अकरा वर्षांच्या पोरानं हातातले पत्ते ओळखले! त्या रात्री दारूच्या नशेत शेरीफ आपल्याच सहायकाच्या अंगावर धावून गेला. शिबिर गुंडाळावं लागलं.

पुढच्या वर्षी मुलांना आधी एकत्र ठेवण्याचा टप्पाच गाळला. पाठ्यपुस्तकांत गेलं ते हे दुसरं शिबिर. आणि त्यावरचा अहवाल लिहिणाऱ्यांच्या यादीत शेवटचं नाव असलेल्या कॅरोलिन वुड शेरीफ या त्याच्या पत्नी. या संशोधनात त्यांचा बरोबरीचा वाटा होता. पण 'शेरीफ' म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस येतो. आडनाव सारखं असण्याचा असाही तोटा.

आता यावरून 'आधी मैत्री झाली की वैर जमत नाही' असा नियम काढायचा मोह होतो. काढू नका. १९४९ मध्ये शेरीफनंच कनेक्टिकटमध्ये भरवलेल्या शिबिरात मुलं आधी एकत्रच होती, मैत्रीही झाली होती, आणि तरी गट पाडल्यावर ती भांडली. मग मिडल ग्रोव्हमध्ये वेगळं काय घडलं? माझ्या मते सगळ्यांत पटणारं उत्तर मायकेल बिलिग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकातच देऊन ठेवलं आहे. तो म्हणाला, शिबिरात गट दोन नव्हते, तीन होते. तिसरा गट मोठ्यांचा. नावं ठेवायची मुभा त्यांनी दिली, सामने त्यांनी ठरवले, एकाला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही हा नियम त्यांचा, गुणफलकही त्यांच्याच हातात. (रॉबर्स केव्हमध्ये चुरस टिकावी म्हणून त्यांनी गुणांत फेरफारही केले.) हा तिसरा गट मुलांना दिसत नव्हता तोवर ती एकमेकांवर चवताळली. मिडल ग्रोव्हमध्ये तो दिसला आणि खेळ संपला. म्हणून बाईंना माझं एवढंच सांगणं की पोरांच्या स्वभावाकडे नंतर बघा, आधी भिंतीवरचा गुणफलक बघा.

बिलिगच्या या मताला वजन आहे, कारण व्हिडिओवाल्यांचा दुसरा लाडका प्रयोग करणाऱ्या चौघांत तो स्वतः होता. त्या प्रयोगाचा सूत्रधार हेन्री ताजफेल. पोलंडमध्ये १९१९ साली ज्यू घरात जन्मलेला हा मुलगा रसायनशास्त्र शिकायला फ्रान्सला गेला, फ्रेंच सैन्यात भरती झाला आणि १९४० मध्ये जर्मनांच्या कैदेत सापडला. तो ज्यू आहे हे त्यांना कळलं होतं. पण फ्रेंच ज्यू समजून युद्धकैद्यांच्या छावणीत ठेवल्यामुळे तो वाचला. पोलिश ज्यू म्हणून नोंद झाली असती तर वाचला नसता. सुटून आला तेव्हा घरचं जवळपास कुणी उरलं नव्हतं. कागदावर आपली नोंद कुठल्या रकान्यात होते यावर माणसाचा जीव कसा अवलंबून असतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना ताजफेलनं क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीनुसार गट पाडल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी वाटेल तशी केली होती. आपल्या गटात कोण हे कुणालाच माहीत नाही, भेटगाठ नाही, जुनं भांडण नाही. मग प्रत्येकाला एकट्याला बसवून एक तक्ता दिला. वरच्या ओळीत आपल्या गटातल्या एका अनामिकाला मिळणारे गुण, खालच्या ओळीत दुसऱ्या गटातल्याचे. एका टोकाला ७ आणि १, मध्ये १३ आणि १३, दुसऱ्या टोकाला १९ आणि २५. एक जोडी निवडायची आणि त्या गुणांचे पैसे त्या दोघांना मिळायचे. निवडणाऱ्याला स्वतःला काही नाही.

हिशेब सरळ आहे. आपल्या माणसाचं भलं करायचं तर १९ निवडा, समोरच्याला २५ मिळाले म्हणून आपलं काय जातं? पण मुलं त्या टोकाकडे जाईनात. ती ७ आणि १ च्या बाजूला झुकत होती. आपल्या माणसाला सात मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळायला हवेत! घरच्या वाटणीत भावाला कोपरा जास्त जाऊ नये म्हणून अख्खी जमीन कोर्टात सडवणारी माणसं आपल्या ओळखीत असतातच, त्यामुळे मराठी वाचकाला यात धक्का बसायचं कारण नाही.

व्हिडिओ इथे थांबतो. १९७१ चा मूळ निबंध थांबत नाही. मुलं ७ आणि १ च्या टोकापर्यंत गेलीच नाहीत, समान वाटपाची ओढही निकालात ठळक होती. बहुतेकांनी न्याय आणि पक्षपात यांत तडजोड केली, १३ आणि १३ पासून थोडं आपल्या बाजूला सरकून. 'माणूस जन्मतःच गटबाज' या मथळ्यात ही तडजोड बसत नाही, म्हणून ती गळते. शिवाय बिलिगचा तिसरा गट इथेही हजर आहे. त्या तक्त्यावर 'आपले' आणि 'परके' याखेरीज कुणाविषयी काही लिहिलेलंच नव्हतं. मुलांनी निवड करायची तरी दुसऱ्या कशावरून?

याच विषयावरचं आपल्याकडचं एक फार मोलाचं काम मात्र आपणच विसरलो आहोत. १९५९ च्या फेब्रुवारीत ए. के. पी. सिन्हा आणि ओ. पी. उपाध्याय यांनी पाटण्यातल्या विद्यार्थ्यांना विशेषणांची यादी देऊन निरनिराळ्या देशांच्या लोकांना कोणती लागू पडतात असं विचारलं. 'हिंदी-चिनी भाई-भाई'चा जमाना अजून पुरता सरला नव्हता. चिनी माणसं मुलांना मित्रत्वाची, प्रगतिशील, प्रामाणिक, शूर, सुसंस्कृत वाटली. मार्चमध्ये दलाई लामा भारतात आले, ऑगस्टमध्ये लोंगजूला आणि ऑक्टोबरमध्ये कोंगका खिंडीत गोळीबार झाला. डिसेंबरमध्ये तीच यादी पुन्हा दिली. आता चिनी माणूस आक्रमक, फसवा, स्वार्थी, युद्धखोर, क्रूर निघाला. इतर लोकांविषयीच्या समजुती बऱ्याचशा जागच्या जागी होत्या. दहा महिन्यांत चीनमधल्या कोट्यवधी माणसांचा स्वभाव बदलला नव्हता, आणि पाटण्यातल्या मुलांचा चिनी माणसांशी रोजचा व्यवहार होता असंही नाही. बदलले होते ते दोन सरकारांमधले संबंध, आणि त्यांच्या बातम्या. समजुतींमुळे भांडण होत नाही, भांडणातून समजुती तयार होतात, हा शेरीफचा दावा पाटण्याच्या या निबंधाइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतो. लॅबचा खर्च जवळपास शून्य.

शेरीफनं दोन टप्प्यांत केलं ते, म्हणजे आधी झुंज आणि मग सहकार्य, एकाच वेळी शेजारी शेजारी करून बघितलं तर? मॅट लो या अर्थशास्त्रज्ञानं २०१७ मध्ये उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात तेच केलं, आणि क्रिकेट वापरून केलं. १४ ते ३० वयाचे १,२६१ जण, आठ लीग. कुणी आपल्याच जातगटातल्यांच्या संघात खेळायचं, कुणी मिश्र संघात, हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. समोर कोणत्या जातीचे खेळाडू येणार, हेही कमीजास्त होत राहिलं. लीग संपल्यावर मैत्री मोजली, क्रिकेटमधली बक्षिसं वाटताना मतं कुणाला जातात ते पाहिलं, देवाणघेवाणीचा एक व्यवहार करायला लावला.

परजातीचे सहकारी मिळाले त्यांचे त्या जातींतले मित्र वाढले, आणि मत देताना स्वजातीकडे झुकणं कमी झालं. परजातीचे प्रतिस्पर्धी मिळाले त्यांच्यात बहुतेक बाबतींत परिणाम उलट. एकंदरीत लीग खेळल्याचा फायदा नुकसानीपेक्षा जास्त भरला. पण हे फक्त पुरुषांत, एका भागात, काही आठवड्यांच्या सामन्यांनंतर. यावरून कुणी 'क्रिकेटनं जातिभेद मिटवला' असा मथळा केलाच, तर त्याला खुशाल मिडल ग्रोव्हची आठवण करून द्यावी. एवढं मात्र खरं की ज्यांचे मित्र वाढले आणि ज्यांचे घटले, त्यांची गावं, जाती, मैदानं सारखीच होती. फरक एकच, आयोजकांनी काढलेल्या चिठ्ठीत नाव कुठल्या यादीत पडलं.