दंतक्षयावरील प्रारंभिक उपचार
दाताला खळगा पडण्यापूर्वी किंवा तो लहान असतानाच क्षयाची वाढ थांबविण्यासाठी योजिले जाणारे उपचार. दातावर साचणाऱ्या चिकट थरातील सूक्ष्मजंतू साखरेपासून अम्ल तयार करतात. तेथील पीएच मूल्य सु. ५.५ च्या खाली गेल्यास दंतवल्कातील म्हणजे एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात आणि खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या अवस्थेत लाळेतील खनिजे व फ्ल्युओराइड यांच्या साहाय्याने दंतवल्क पुन्हा बळकट होऊ शकते. पृष्ठभाग ढासळून खळगा पडल्यावर मात्र तो आपोआप भरून येत नाही. उपचाराची निवड मुख्यतः या भेदावर अवलंबून असते.

खाचांचे लेपन : दाढांच्या चर्वणपृष्ठावरील खाचा इतक्या अरुंद असतात की, ब्रशाचे केस त्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाहीत. त्या रेझिनाच्या पातळ लेपाने बुजवितात. फॉस्फोरिक अम्लाने दंतवल्क खडबडीत केल्यास ॲक्रिलिक रेझीन त्यास घट्ट चिकटते, असे अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखविले. त्यावर ही पद्धत आधारलेली आहे. दात स्वच्छ करून अम्ल लावतात, ते धुऊन दात पूर्ण कोरडा करतात व नंतर लेप देऊन तो बहुधा निळ्या प्रकाशाने कठीण करतात. मध्येच लाळ लागल्यास लेप टिकत नाही. पहिली कायमची दाढ सु. सहाव्या व दुसरी सु. बाराव्या वर्षी उगवते. त्यानंतर लवकरच लेपन करणे हितावह असते. खळगा न पडलेल्या प्रारंभिक क्षयावरही लेप देता येतो. आतील सूक्ष्मजंतूंचे पोषण तुटल्याने क्षयाची वाढ खुंटते. लेप निघाल्यास संरक्षण संपते. म्हणून वेळोवेळी तपासणी आवश्यक असते.

पूरण : खळगा पडून क्षय दंतवल्काखालील दंतिनात पसरल्यास किडलेला भाग काढून पोकळी संमिश्र रेझीन, काच-आयनोमर सिमेंट इ. द्रव्यांनी भरतात. जी. व्ही. ब्लॅक (१८३६–१९१५) यांच्या तत्त्वानुसार पूर्वी क्षय टाळण्यासाठी लगतच्या निरोगी खाचाही कोरीत असत. परंतु दंतवल्क निर्माण करणाऱ्या पेशी दात उगवल्यानंतर उरत नाहीत, त्यामुळे कोरलेला भाग पुन्हा वाढत नाही. शिवाय जुने पूरण बदलताना पोकळी बहुधा अधिक मोठी होते. यास्तव आता शक्य तेवढा निरोगी भाग राखतात. मात्र खळगा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्यास क्षय दंतमज्जेपर्यंत पोहोचून तीव्र वेदना व गळू उद्‌भवू शकतात. दोन्ही उपचारांनंतर साखरेवर नियंत्रण व फ्ल्युओराइडयुक्त दंतधावन चालू ठेवावे लागते. अन्यथा दाताच्या इतर पृष्ठभागांवर क्षय होतच राहतो.