पायांची तपासणी : प्राथमिक आरोग्यसेवेतील एक दुर्लक्षित दुवा

भारतातील श्रमशक्तीचा फार मोठा भाग आजही पायांच्या बळावर उपजीविका करतो. भातलावणी करणारी स्त्री, बांधकामावर ओझी वाहणारा मजूर, सायकलरिक्षा ओढणारा चालक, दारोदार फिरणारा विक्रेता या सर्वांच्या बाबतीत पाय गमावणे म्हणजे रोजगार गमावणे होय. तरीही आरोग्य केंद्रातील तपासणीत पायांकडे अनेकदा दुर्लक्ष होते. रक्तदाब नोंदवला जातो, रक्तातील साखर मोजली जाते. परंतु रुग्णाला पादत्राणे काढावयास सांगितले जातेच असे नाही. या लहानशा उणिवेची आर्थिक व सामाजिक किंमत मात्र मोठी आहे.

समस्येचे स्वरूप

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना, म्हणजेच प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के लोकांना, मधुमेह असल्याचा अंदाज आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास पायांच्या चेतातंतूंना इजा होते आणि वेदनेची जाणीव हळूहळू नाहीशी होते. पायात खडा रुतला, चप्पलेचा पट्टा घासला किंवा तापलेल्या फरशीचा चटका बसला तरी ते कळत नाही. त्यातच रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर जखम भरून येत नाही, जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचतो आणि अखेरीस पाय कापण्याची वेळ येते. मधुमेहींवरील अशा बहुसंख्य शस्त्रक्रियांच्या आधी पायावर एखादा व्रण झालेला असतो. याचाच अर्थ असा की, अनर्थ टाळण्याची संधी आधी येऊन गेलेली असते.

बधिर पायाविषयीचे हे ज्ञान मिळण्यात भारताचा वाटा महत्त्वाचा आहे. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ पासून कार्य करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे निरीक्षण केले. बोटे रोगामुळे आपोआप झडतात, हा समज त्यांनी खोडून काढला. वेदनेची जाणीव हरपल्याने होणाऱ्या आणि लक्षात न येणाऱ्या जखमा हेच त्या हानीचे प्रमुख कारण असल्याचे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत हेच तत्त्व त्यांनी मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी उपयोगात आणले. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय स्तरावर, सार्वजनिक आरोग्य समस्या या अर्थाने, कुष्ठरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठले. तथापि, ज्यांच्या पायांची संवेदना कायमची गेली आहे, त्यांना तपासणीची गरज आजन्म असते. हत्तीरोगाच्या रुग्णांनाही हेच लागू पडते.

तपासणीची पद्धत

पायांच्या तपासणीचे चार टप्पे सांगता येतील.

१) निरीक्षण : दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करून पुढून, मागून व तळव्याकडून पाहिले जातात. त्वचेचा रंग, भेगा, घट्टे, कुरूप, बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या, नखांची वाढ, बोटांचा वाकडेपणा आणि फुगलेल्या शिरा यांची नोंद घेतली जाते. पादत्राणेही आतून तपासली जातात. कारण जखमेचे मूळ अनेकदा तेथेच असते.

२) स्पर्श : हाताच्या मागील बाजूने दोन्ही पायांच्या तापमानाची तुलना केली जाते. थंड पाऊल कमी रक्तपुरवठ्याची, तर एकाच पायाची उष्णता व सूज संसर्गाची किंवा सांध्याच्या हानीची शंका निर्माण करते. सूज असल्यास बोटाने दाबून खड्डा पडतो का, ते पाहिले जाते. दोन्ही पायांवरील सूज हृदय, मूत्रपिंड वा यकृताच्या विकाराचे लक्षण असू शकते. एकाच पोटरीत अचानक आलेली सूज व वेदना शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे सूचित करते. अशा रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठविणे आवश्यक असते.

३) नाडी : पावलाच्या वरील बाजूस आणि आतील घोट्याच्या मागे नाडी चाचपली जाते. ती न लागल्यास घोट्याजवळील व दंडातील रक्तदाबाचे गुणोत्तर काढले जाते. हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी असल्यास धमन्या अरुंद झाल्याचे मानले जाते.

४) संवेदना : १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा तंतू तळव्यावरील ठराविक जागी टेकवून रुग्णाला स्पर्श जाणवतो का, हे विचारले जाते. कंपनाची जाणीव नादकाट्याने तपासली जाते. साधन नसल्यास रुग्णास डोळे मिटावयास सांगून दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बोटांच्या टोकांना तर्जनीने हलका स्पर्श करतात. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श न जाणवल्यास संवेदना कमी झाल्याचे समजले जाते.

धोका नसलेल्या मधुमेही व्यक्तीची अशी तपासणी वर्षातून एकदा पुरेशी असते. पूर्वी व्रण झालेल्या रुग्णाची तपासणी मात्र दर एक ते तीन महिन्यांनी व्हावी लागते.

अर्थशास्त्रीय बाजू

या तपासणीस काही मिनिटे आणि अल्पमोलाची साधने लागतात. उलटपक्षी, पाय कापावा लागल्यास शस्त्रक्रियेच्या खर्चाबरोबरच बुडालेली मजुरी, शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयाचा बुडालेला रोजगार, कर्ज आणि मुलांच्या शिक्षणातील खंड हा अप्रत्यक्ष भारही कुटुंबावर पडतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत घटले. ही प्रगती लक्षणीय असली तरी उरलेला भार गरीब कुटुंबास दारिद्र्यात लोटण्यास पुरेसा आहे.

२०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. मात्र हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील नियमित तपासणी आणि मऊ तळाची पादत्राणे त्यात येत नाहीत. परिणामी पाय कापण्याचा खर्च विम्यातून भागू शकतो. पाय वाचविण्याचा खर्च मात्र प्राथमिक आरोग्यसेवेनेच उचलावा लागतो. प्रतिबंधाचे यश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यावरील खर्च मागे पडतो. सार्वजनिक वित्तव्यवस्थेतील हा परिचित दोष येथेही आढळतो.

पुढील दिशा

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा कार्यकर्ती जी तपासणी-सूची भरतात, तीत तळव्यांना वारंवार मुंग्या येणे व व्रण होणे यांविषयीचे प्रश्न आहेतच. या उत्तरांच्या पाठोपाठ आयुष्मान आरोग्य मंदिरात प्रत्यक्ष पाऊल तपासले जाणे, धोक्याची श्रेणी नोंदविली जाणे आणि गरजूंना योग्य पादत्राणे मिळणे ही साखळी पूर्ण झाली पाहिजे. घरीही रोज तळवे पाहणे, चप्पल झटकून घालणे व अनवाणी न चालणे या सवयी रुजविता येतील.

१९७५ पासून जयपूर येथील भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पायाद्वारे असंख्य गरिबांना पुन्हा चालते केले आहे. हे कार्य निःसंशय गौरवास्पद आहे. परंतु मधुमेहासारख्या विकारांत अशा कृत्रिम पायाची गरजच पडू नये, हे आरोग्यव्यवस्थेचे पहिले उद्दिष्ट असावयास हवे. किती जणांची साखर मोजली, याबरोबरच किती जणांचे पाय तपासले, हाही आकडा जिल्ह्याच्या आढाव्यात विचारला जाऊ लागेल, तेव्हाच त्या दिशेने वाटचाल सुरू झाली असे म्हणता येईल.