दुसऱ्याच्या जमिनीतून जाणारी वाट

अमेरिकेच्या ईशान्येला असलेलं व्हरमाँट हे छोटं राज्य दक्षिणोत्तर जेमतेम अडीचशे किलोमीटर लांब आहे. पण मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीपासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत तिथे जी स्कीची वाट जाते, ती ४८० किलोमीटरहून जास्त भरते. काही वळणं तिला डोंगरांनी घातली आहेत आणि काही जमीनमालकांनी. या वाटेचं नाव कॅटामाउंट ट्रेल. कॅटामाउंट म्हणजे त्या भागातला रानमांजराच्या कुळातला मोठा शिकारी प्राणी, प्यूमा. व्हरमाँटमधला शेवटचा १८८१ मध्ये मारला गेला. आता झाडांवर ठोकलेल्या, शंकरपाळ्याच्या आकाराच्या निळ्या पट्ट्यांवर त्याच्या पंजाचा ठसा तेवढा उरला आहे.

वाट सांभाळणारी संस्था आहे कॅटामाउंट ट्रेल असोसिएशन. मोजके पगारी कर्मचारी आणि बाकी सगळे स्वयंसेवक, असा तिचा कारभार १९८४ पासून चालत आला आहे. या वाटेवर संस्थेचं तिकीट नाही, फाटक नाही आणि पहारेकरीही नाही. संस्थेच्या मालकीची जमीन तर जवळजवळ नाहीच. एवढी लांब वाट दुसऱ्यांच्या जमिनीवर चार दशकं कशी टिकते, हे समजून घ्यावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

स्कीइंग म्हटलं की आपल्याला गुलमर्ग किंवा औली आठवतं. यंत्राच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि उतारावरून वेगाने खाली यायचं. क्रॉस-कंट्री स्कीइंग त्याहून वेगळं. त्याच्या पट्ट्या अरुंद आणि हलक्या असतात, बूट फक्त चवड्याशी अडकवलेला असतो, टाच मोकळी राहते. त्यामुळे माणूस सपाटीवर चालू शकतो, चढ चढू शकतो आणि उतारही उतरू शकतो. पाळण्याची गरजच पडत नाही. काही ठिकाणी गावकऱ्यांच्या संस्था मोठ्या यंत्रांनी बर्फ दाबून अशा वाटा रोज घडवतात. वॉशिंग्टन राज्यातल्या मेथाउ खोऱ्यात सुमारे २०० किलोमीटरचं असं जाळं आहे आणि त्यावर जायला पास घ्यावा लागतो. कॅटामाउंटचा बराचसा भाग मात्र पडलेल्या बर्फावरच सोडलेला आहे. वाटेत स्की केंद्रं लागतात तिथेच काय ती यंत्रं फिरतात. बाकी ठिकाणी पहिला जाणारा माग पाडतो आणि मागचे त्याच मागाने जातात.

ही कल्पना स्टीव्ह बुशी या भूगोलाच्या विद्यार्थ्याची. १९८४ च्या हिवाळ्यात बेन रोझ आणि पॉल जॅरिस या दोन मित्रांबरोबर त्याने राज्याची अख्खी लांबी स्कीवर पार केली. डोंगरमाथ्यावरून जाणारी पायवाट व्हरमाँटमध्ये आधीपासून होती. ग्रीन माउंटन क्लबने १९१० पासून खपून १९३० मध्ये पूर्ण केलेली, सुमारे ४४० किलोमीटरची लाँग ट्रेल. पण उन्हाळ्यात चालायला उत्तम असलेली ही धार स्कीला फार खडी पडते. स्कीला हवा सौम्य चढ, वाऱ्यापासून आडोसा आणि टिकणारा बर्फ. म्हणून या तिघांनी धारेखालचा पट्टा धरला. लाकूडतोडीचे जुने रस्ते, स्की केंद्रांच्या वाटा आणि वापरात नसलेले गावरस्ते एकमेकांना जोडून त्यांनी वाट आखली.

हे गावरस्ते कुठून आले, ते सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हरमाँटमध्ये मेरिनो मेंढ्यांचं वेड आलं. लोकरीसाठी डोंगरच्या डोंगर उघडे झाले, दगडी कुंपणं उभी राहिली, शेतघरांपर्यंत रस्ते झाले. मग लोकरीचा भाव पडला, शेतकरी पश्चिमेकडे गेले आणि झाडं परत आली. आज राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. त्या जंगलात दगडी कुंपणं अजून सापडतात. कागदोपत्री गावाच्या मालकीचे असलेले काही रस्तेही आहेत, पण हिवाळ्यात त्यांच्यावरचा बर्फ कुणी काढत नाही. मोटारीला बंद असलेला असा रस्ता स्कीवाल्यांना मात्र हवाच असतो.

पण गावरस्ते कुठवर पुरणार? व्हरमाँटच्या जंगलातली सुमारे ऐंशी टक्के जमीन खासगी मालकीची आहे. आपल्याकडे बांधावरच्या वाटेवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात आणि वहिवाट सिद्ध करायला तहसीलदारापुढे उभं राहावं लागतं. त्यामुळे शेकडो किलोमीटर परक्या जमिनीतून जायचं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. व्हरमाँटमध्ये मात्र एक जुनी मोकळीक आहे. तिथल्या १७७७ च्या राज्यघटनेने कुंपण नसलेल्या परक्या जमिनीवरही शिकार करण्याचं स्वातंत्र्य लोकांना दिलं. मालकाला नको असेल तर मनाईच्या पाट्या लावाव्या लागतात, त्यांवर दरवर्षी नवी तारीख घालावी लागते आणि गावच्या कचेरीत नोंदही करावी लागते. यातून एक रीत रुजली. मनाई नसेल तर जंगलातून जाणाऱ्या माणसाकडे कुणी संशयाने पाहत नाही.

दुसरा आधार आहे दायित्वाच्या कायद्याचा. मालकाने पैसे न घेता जमीन लोकांना फिरायला खुली ठेवली आणि कुणाचा पाय मोडला, तर मालकाला सहसा जबाबदार धरता येत नाही. त्याने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने इजा केली असेल तरच गोष्ट वेगळी. या कायद्याचा गाभा ‘पैसे न घेता’ या अटीत आहे. संस्था वाटेसाठी पैसे घेत नाही यामागे उदारपणा असेलच, पण मालकाचं संरक्षणही आहे. म्हणूनच संस्थेचा खर्च सदस्यांची वर्गणी, देणग्या, अनुदानं आणि सामूहिक स्की-सहलींतून भागतो.

माझ्या मते या संस्थेचं खरं काम परवानगी टिकवणं हे आहे. तोंडी दिलेला होकार देणाऱ्या माणसाच्या हयातीपुरता असतो. जमीन विकली जाते, मुलांमध्ये वाटली जाते, शहरातून आलेला नवा मालक तिथे घर बांधायला घेतो आणि वाट बैठकीच्या खिडकीसमोरून जाते असं त्याच्या लक्षात येतं. त्याचा नकार काही चुकीचा नसतो. मग वाट दुसरीकडून न्यायची आणि त्यासाठी शेजारच्या मालकाच्या दारात जायचं.

होकार कायम असला तरी जमीन गप्प बसलेली नसते. जंगल राखणाऱ्या मालकाला करात सवलत देणारी योजना व्हरमाँटमध्ये १९७८ पासून आहे. त्यासाठी जंगलाचा व्यवस्थापन आराखडा पाळावा लागतो आणि त्यात लाकूडतोडही येते. तोड चालू असते तेव्हा स्कीची वाट बाजूला सरकते. हिवाळ्याच्या शेवटी मेपलच्या झाडांचा रस काढण्याचा हंगाम येतो. अमेरिकेतला जवळजवळ निम्मा मेपल पाक व्हरमाँटमध्ये बनतो. रस वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक नळ्या झाडाझाडांतून ताणलेल्या असतात, अनेकदा माणसाच्या छाती-गळ्याच्या उंचीवर. उतारावरून येणाऱ्या स्कीवाल्याला ती नळी जीवघेणी ठरू शकते आणि नळी तुटली तर शेतकऱ्याचा रस वाया जातो. कुठे नळ्या उंच घ्यायच्या, कुठून वाट वळवायची, हे दोघांनी बसून ठरवावं लागतं. भर म्हणून बीव्हर आहेतच. ओढ्यावर धरण बांधून ते एका हंगामात वाटेचं तळं करतात आणि त्यांच्याशी वाटाघाटी होत नाहीत.

हातापायाचं काम शरद ऋतूत होतं. वाटेचे तीसेक टप्पे केलेले आहेत आणि त्यांची जबाबदारी स्वयंसेवक घेतात. पानं झडल्यावर ही माणसं करवती आणि लांब दांड्यांच्या कात्र्या घेऊन निघतात. आपल्या गडकोटांवर तरुण मंडळी रविवारी टाकी उपसायला आणि पायऱ्या मोकळ्या करायला जातात, त्याच जातीचं हे श्रमदान. इथे मात्र जमिनीवर उभं राहून हिवाळ्यातल्या उंचीचा अंदाज घ्यावा लागतो. मीटरभर बर्फ साचला की स्कीवाला तेवढा वर उचलला जातो आणि वरच्या फांद्या बर्फाच्या भाराने खाली झुकतात. शरद ऋतूत डोक्याच्या खूप वर वाटणारी फांदी फेब्रुवारीत डोळ्यांसमोर येते. म्हणून हात पुरेल त्याहून वरचंही छाटायचं, खुणेच्या पट्ट्याही उंच ठोकायच्या. ओढ्यांवर लाकडी पूल घालायचे, पाणी वाटेवरून वाहत राहू नये म्हणून आडवे चर काढायचे, बीचच्या झाडांची रोपटी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा कापायची.

गेल्या काही वर्षांत या कामाचं मोल वाढलं आहे. हिवाळे उबदार होत आहेत आणि ऐन जानेवारीत बर्फावर पाऊस पडतो. व्हरमाँटमधल्याच क्राफ्ट्सबरीच्या स्की केंद्राने लाकडाच्या ढलप्यांखाली बर्फाचा ढीग उन्हाळाभर साठवून पाहिला आणि तो टिकला. पण ४८० किलोमीटरवर कृत्रिम बर्फ अंथरणं अशक्य. तिथे एकच उपाय हाती राहतो, तो म्हणजे जमीन तयार ठेवणं. खडबडीत, दगडगोट्यांची वाट झाकायला खूप बर्फ लागतो. खुंट कापलेली, निचरा नीट केलेली वाट थोड्या बर्फातही चालू होते.

झाडं कापण्याचा प्रश्न या भागात नाजूक आहे. २००७ मध्ये उत्तरेकडच्या बिग जे या डोंगरावर दोघांनी स्कीसाठी परवानगीविना संरक्षित जंगलाचा मोठा पट्टा कापून टाकला. खटला झाला आणि स्कीवाल्यांचं नाव बरंच खराब झालं. त्याला दिलेलं सर्वांत चांगलं उत्तर मला ब्रँडन गॅप या खिंडीत दिसतं. तिथे कॅटामाउंटने एका स्थानिक संस्थेबरोबर राष्ट्रीय वनखात्याशी बोलणी केली, उतार आखून घेतले आणि मंजूर झालेलीच झुडपं स्वयंसेवकांकडून विरळ करून घेतली. यात वेळ जातो. पण पुढच्या वेळी वनखात्याकडे जाताना हात रिकामे नसतात, केलेलं काम दाखवता येतं.

तोंडी होकाराचं कागदावरच्या हक्कात रूपांतर करण्याचे प्रयत्न चालू आहेत. बोल्टन व्हॅली या स्की केंद्राचं जंगल विक्रीला निघालं, तेव्हा स्कीप्रेमींनी व्हरमाँट लँड ट्रस्टच्या साथीने पैसे उभे केले आणि हजारावर एकर जमीन २०१३ मध्ये राज्याच्या जंगलात सामील झाली. वाटेचा एक देखणा भाग तिथून ट्रॅप कुटुंबाच्या जमिनीकडे उतरतो, जिथे योहानेस फॉन ट्रॅप यांनी १९६८ मध्ये क्रॉस-कंट्री स्कीचं केंद्र सुरू केलं होतं. प्रत्येक तुकड्यासाठी एवढा पैसा उभा राहणार नाही. कायमच्या हक्काचा कागद पुढे केला की काही मालक बिचकतात. आजोबांनी हो म्हटलं होतं, आम्हीही हो म्हणू, पण नातवंडांच्या वतीने सही कशी करायची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. अशा ठिकाणी घाई न करता त्यांच्या होकारावर विसंबायचं आणि शरद ऋतूत जाऊन त्यांच्या हद्दीतला पूल दुरुस्त करून द्यायचा, हेच मला योग्य वाटतं.