साक्षी आणि आत्मनिरीक्षण करणारे मन : एक विवेचन

'साक्षीभाव' हा शब्द आज व्याख्यानांत, योगवर्गांत आणि समुपदेशनात सर्रास योजला जातो. 'मनाकडे साक्षीभावाने पाहावे' असा उपदेश केला जातो. परंतु पाहणारा नेमका कोण, हा प्रश्न बहुधा तसाच राहतो. तृतीय वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने तो सरळ विचारला होता : "सर, मला राग आला हे मला कळते. ते कळणारे मनच ना, की दुसरे कोणी?" प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा भारतीय दर्शनांच्या आधारे विचार करावयाचा आहे.

'साक्षी' हा मुळात व्यवहारातील शब्द होय. पाणिनीने त्याची व्युत्पत्ती 'साक्षात पाहणारा' अशा अर्थाने दिली आहे. साक्षीदाराने घटना स्वतः पाहिलेली असावी आणि वादात त्याचा हितसंबंध नसावा, ही अपेक्षा आजही आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुषाला साक्षी, मध्यस्थ, द्रष्टा व अकर्ता म्हटले आहे ते याच अर्थाने. मन, बुद्धी व अहंकार मात्र तेथे प्रकृतीचे विकार मानलेले आहेत. म्हणजे 'साक्षी मन' हा आपल्या अंगवळणी पडलेला शब्दप्रयोग सांख्यांना मान्य होण्यासारखा नाही.

मग राग कळतो तो कसा? नैयायिकांच्या मते 'हा घट आहे' या ज्ञानानंतर 'मला घटाचे ज्ञान झाले' असे दुसरे ज्ञान मनाच्या द्वारे होते. त्यास ते अनुव्यवसाय म्हणतात. या दुसऱ्या ज्ञानाचे ज्ञान कशाने होते, असे विचारल्यास प्रत्येक ज्ञान ज्ञात झालेच पाहिजे असे नाही, हे त्यांचे उत्तर. बौद्ध आचार्य दिङ्नाग ज्ञान स्वतःच स्वतःस प्रकाशित करते असे मानतो (स्वसंवेदन). त्यामुळे त्याला वेगळ्या साक्षीची गरज भासत नाही. अद्वैत वेदान्ताचे म्हणणे असे की, वृत्ती जड आहे, ती साक्षिचैतन्याच्या प्रकाशात भासते.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो. 'मी माझ्या रागाकडे पाहत आहे' हा विचार स्वतः एक वृत्तीच आहे. तीत 'मी' आहे, प्रयत्न आहे, आणि (अनुभवाने सांगतो) थोडा अभिमानही असतो. ती येते, थकते, नाहीशी होते. जे येते-जाते ते पाहिले जाणारे; ते साक्षी कसे असेल? विद्यारण्यांनी पंचदशीच्या 'नाटकदीप' या दहाव्या प्रकरणात नाट्यशाळेतील दिव्याचा दृष्टान्त दिला आहे. तो दिवा यजमानास, प्रेक्षकांस व नर्तकीस सारखाच प्रकाशित करतो आणि सर्व निघून गेल्यावरही तेवत राहतो. यजमान म्हणजे अहंकार, प्रेक्षक म्हणजे विषय, नर्तकी म्हणजे बुद्धी. आपण ज्याला साक्षीभाव म्हणून जोपासतो, तो पुष्कळदा नर्तकीचाच एक नवा पदन्यास असतो.

धर्मराजाध्वरीन्द्रांनी वेदान्तपरिभाषेत हाच भेद पारिभाषिक भाषेत मांडला. अंतःकरण हे जीवाचे विशेषण, पण साक्षीची केवळ उपाधी. विशेषण वस्तूच्या स्वरूपात समाविष्ट होते. उपाधी तिला फक्त वेगळी दाखविते, जसे कर्णविवरामुळे आकाशाचा एक भाग 'श्रोत्र' म्हणून ओळखला जातो, पण आकाशात बदल होत नाही.

इगतपुरी येथे १९७६ पासून शिकविल्या जाणाऱ्या विपश्यनेतही संवेदनांकडे तटस्थपणे पाहण्यास सांगतात. तथापि ती परंपरा अनात्मवादी आहे. तेथे नित्य द्रष्टा गृहीत धरलेला नाही. दोन्हीकडील तटस्थतेला एकच नाव देऊन त्या एक मानणे शास्त्रदृष्ट्या योग्य नव्हे.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. शोकात बुडालेल्या माणसाला 'साक्षी हो' असे सांगितले असता, रडू आले म्हणजे आपण कमी पडलो, असे त्याला वाटू लागते. वस्तुतः दिवा हसण्यावर पडतो तसाच रडण्यावरही पडतो; अश्रू थांबविणे हे त्याचे कामच नव्हे.

त्या विद्यार्थिनीने पुढे विचारले, "साक्षीला दुःख होत नसेल, तर मला का होते?" शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याचा आरंभ ज्या अध्यासविचाराने केला, तो या प्रश्नाचेच उत्तर आहे : अंतःकरणाचे धर्म आपण आत्म्यावर आरोपित करतो. नैयायिक मात्र दुःख हा आत्म्याचा खराखुरा गुण मानतात. मी वर्गात दोन्ही मते सांगितली. तिला नैयायिकांचे मत अधिक प्रामाणिक वाटले, आणि त्या दिवशी मला ते सहजपणे खोडून काढता आले नाही.